आण्णांचं १५८ आणि 'वय अधिक शंभर'चा हिशेब

पत्र

नमस्कार डॉक्टर. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. दिवाळीला धाकट्या दिरांनी पुण्याहून बीपीचं मशीन आणलं. पाडव्याच्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर सगळ्यांचं बीपी मोजलं. माझा पंधरा वर्षांचा मुलगा पट्टा बांधत होता आणि मी कॅलेंडरच्या मागे आकडे लिहीत होते. सासरे, म्हणजे आमचे आण्णा, वय ७४: १५८/७०. सासूबाई ६९: १२२/६४. त्यांना आठ वर्षांपासून गोळी आहे, हल्ली उठताना अंधारी येते म्हणतात. मिस्टर ४८: १४८/९६. मी ४४: १२६/८२. मुलगा: ११६/७०. आण्णा म्हणाले, "वयात शंभर मिळवायचे, तेवढं चालतं. मला १७४ पर्यंत मुभा आहे." त्या हिशेबाने मिस्टरांचं १४८ तंतोतंत बसलं आणि तेही निवांत झाले. आण्णा गोळीला तयार नाहीत, एकदा सुरू केली की सुटत नाही म्हणतात. कोणत्या वयाला किती बीपी चांगलं, याचा तक्ता द्याल का?

ता. क. नणंद बाळंतपणाला आली आहे, सातवा महिना. तिचं १३८/८८ आलं. प्रवासाने वाढलं असेल, असं ती म्हणते.

– एक सून

उत्तर

ताई, तुमची नणंद पत्रात सगळ्यांत शेवटी, ता. क.मध्ये आली. मी तिच्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्यांच्या बाबतीत आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे झाले तर चालेल, तिच्या बाबतीत चालणार नाही.

गर्भारपणात १४०/९० ही धोक्याची रेघ मानतात. १३८/८८ त्या रेघेच्या आत आहे, पण अगदी उंबऱ्यावर. तिचं माता-बाल कार्ड काढा आणि प्रत्येक तपासणीला बीपी किती लिहिलंय ते क्रमाने वाचा. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत बीपी साधारणपणे थोडं उतरतं आणि दिवस भरत आले की पुन्हा मूळ पदावर येतं. तिसऱ्या महिन्यात १०४/६६ असलेली मुलगी सातव्यात १३८/८८ वर आली असेल तर ती चढण मला अजिबात आवडणार नाही. हे वाचाल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे न्या. बीपी पुन्हा मोजून घ्या आणि लघवीत प्रथिनं जातात का, ती तपासणी मागून घ्या. ती काही मिनिटांत होते.

घरी १४०/९० किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १६०/११० आलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा. आणि आकडा कितीही असो, डोकं थांबतच नाही असं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं किंवा धुरकट दिसणं, बरगड्यांखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणं, चेहरा आणि हात एकाएकी सुजणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. गरोदरपणात बीपी चढण्याच्या या आजाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. वेळेत ओळखला तर सांभाळता येतो, उशीर झाला तर आईला झटके येतात आणि बाळाला रक्तपुरवठा कमी पडतो. नुसते पाय सुजणं बहुतेक गरोदर बायकांना होतं, त्याने घाबरून जाऊ नका. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस आणि आठवडेही बीपी मोजत राहा, कारण हा आजार बाळ झाल्यावरसुद्धा डोकं वर काढू शकतो.

एक हात जोडून सांगणं: घरात सासूबाईंची गोळी आहे म्हणून ती तिला देऊ नका. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीची औषधं पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करतात. गरोदर बाईला चालणारी बीपीची औषधं वेगळी असतात आणि ती डॉक्टरच ठरवतील.

आता आण्णा.

'वय अधिक शंभर' हा हिशेब आण्णांनी घरी बसून काढलेला नाही. एका काळी तो डॉक्टरच सांगत. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९८६ साली, ते ६४ वर्षांचे असताना, त्यांचं वरचं बीपी १७० निघालं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "गुरुजी, चौसष्ट अधिक शंभर, एकशे चौसष्ट. सहाच तर जास्त आहे. मीठ जरा कमी करा." मी तेव्हा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. मलाही ते पटलं. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी बाबा ओट्याजवळ बसून चहा पीत होते. उजव्या हातातली बशी हळूच कलली, चहा धोतरावर सांडला, आणि ते नुसते बशीकडे बघत राहिले. आईला वाटलं झोप पूर्ण झाली नसेल. त्यांना "बशी" हा शब्द म्हणता येत नव्हता. पुढची सात वर्षं ते आमच्यात होते, पण ज्या हाताने त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना बाराखडी गिरवायला शिकवली त्या हाताने त्यांना सही करता आली नाही. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, त्या काळी पुष्कळ जण तसंच मानत. पण आज कुणी हा हिशेब सांगितला की माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

हा हिशेब आला कुठून? लोकांची बीपी मोजली तेव्हा दिसलं की वय वाढतं तसा वरचा आकडा सरासरीने चढत जातो. ते खरंच आहे. चूक पुढच्या पायरीवर झाली: जे बहुतेकांचं होतं तेच निरोगी, असं धरलं गेलं. गावातल्या सत्तरीच्या बहुतेक माणसांचे दात पडलेले असतात, म्हणून कुणी बोळक्या तोंडाला निरोगी दात म्हणत नाही. ही चढण सगळीकडे होते असंही नाही. १९८८ साली ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांवर लोकांचं बीपी आणि लघवीतलं मीठ मोजणारा 'इंटरसॉल्ट' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोकही होते. त्यांच्या जेवणात मीठ जवळजवळ नसतंच. त्यांचं सरासरी बीपी ९६/६१ होतं, आणि वयाबरोबर ते चढत नव्हतं.

'वयाच्या मानाने ठीक' या शब्दांनी मोठमोठ्यांचं नुकसान केलंय. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. त्यांची तब्येत वयाच्या मानाने उत्तम आहे, असं त्यांचे खासगी डॉक्टर लोकांना सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी डोकं भयंकर दुखतंय म्हणून ते कोसळले. तेव्हा बीपी ३००/१९० होतं आणि मेंदूत रक्तस्राव झाला होता. ६३ वर्षांचे होते. त्या वेळी बीपी उतरवणारी धड गोळीसुद्धा नव्हती. आज ती तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात मिळते.

ताई, तुम्ही गावात राहता, म्हणून हे ठिबकच्या भाषेत सांगते. नवी ठिबकची नळी बोटात धरून दाबा, दबते आणि सोडली की पूर्ववत होते. पाच-सहा उन्हाळे खाल्लेली नळी दाबा, दबतच नाही. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी तरुणपणी त्या नव्या नळीसारखी असते. हृदयाने जोर लावला की ती फुगते, जोर स्वतःत सामावून घेते, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसून रक्त पुढे ढकलत राहते. वरचा आकडा हृदयाच्या जोराचा, खालचा त्या मधल्या विश्रांतीचा. वाहिनी कडक झाली की जोर सामावायला जागाच उरत नाही, म्हणून वरचा आकडा उसळतो. आणि मधल्या वेळात आकसणंही होत नाही, म्हणून खालचा आकडा पडतो. त्यामुळे साधारण पन्नाशी-साठीपर्यंत दोन्ही आकडे चढतात, आणि त्यानंतर वरचा चढत राहतो पण खालचा उतरायला लागतो.

आण्णांचं १५८/७० हे नेमकं तसं आहे. "खालचं तर सत्तरच आहे" म्हणून गावात त्यांना धीर देणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या वयाला खालचा आकडा कमी असणं हे वाहिन्या कडक झाल्याचं लक्षण आहे, त्यात धीर घेण्यासारखं काही नाही. साठीच्या पुढच्या, वरचं १६० किंवा जास्त पण खालचं ९० च्या आत असलेल्या ४,७३६ लोकांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. साध्या, स्वस्त, लघवी वाढवणाऱ्या गोळीपासून उपचार सुरू केले होते. ज्यांना औषध दिलं त्यांच्यात लकव्याचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घटलं. त्याआधी पुष्कळ डॉक्टर अशा म्हाताऱ्यांना औषधच देत नसत.

तुम्ही तक्ता मागितलात. वयाच्या वीस ओळींचे तक्ते मोबाइलवर फिरतात, ते मी पाहिलेत. मोठ्या माणसांसाठी तसा तक्ता मी देणार नाही, कारण अठरा वर्षांच्या पोरापासून आण्णांपर्यंत निरोगी बीपीची व्याख्या एकच आहे: वरचं १२० च्या आत, खालचं ८० च्या आत. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी नीट मोजून १४०/९० किंवा वर येत असेल तर तो उच्च रक्तदाब, हे आपल्याकडचे बहुतेक सगळे डॉक्टर मानतात. अमेरिकेतल्या संघटनांनी २०१७ मध्ये ती रेघ १३०/८० वर आणली, म्हणून तुम्हाला दोन आकडे ऐकू येतात. मधल्या पट्ट्यातल्या माणसाला गोळी द्यायची की आधी मीठ-वजन-चालणं बघायचं, हे त्याला मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे का यावर ठरतं. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरच्या मशीनची रेघ थोडी खाली, १३५/८५ ला धरतात.

वयाचा तक्ता खरोखर लागतो तो लहान मुलांना. तान्ह्या बाळाचं वरचं बीपी ७० च्या आसपास असतं आणि मूल वाढतं तसं ते वाढतं. तेरा वर्षांच्या आतल्या मुलांचं वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे बघून ठरवतात. तेराच्या पुढे मोठ्यांचीच मापं. तुमच्या मुलाचं ११६/७० छान आहे.

वय वाढल्यावर मग बदलतं काय? बीपी किती सावकाश उतरवायचं, कुठपर्यंत उतरवायचं आणि उतरवताना कशावर नजर ठेवायची, ते बदलतं. उभं राहिल्यावर तोल जातो का, मूत्रपिंडं कशी आहेत, रोजच्या किती गोळ्या आहेत, माणूस एकटा फिरतो का, हे सगळं बघावं लागतं. ऐंशीच्या पुढच्या ३,८४५ लोकांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. त्यात १५०/८० पर्यंतच उतरवायचं ठरवलं होतं. तेवढ्यानेही मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी झाले आणि चाचणी वेळेआधी थांबवून निकाल जाहीर केला. २०१५ मधल्या अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' चाचणीत पन्नाशीच्या पुढचे नऊ हजारांवर लोक होते, त्यातले अडीच हजारांहून जास्त ७५ किंवा अधिक वयाचे. वरचं १४० च्या आत ठेवण्यापेक्षा १२० च्या आत आणलेल्यांमध्ये हृदयाचे आजार आणि मृत्यू कमी झाले, म्हाताऱ्यांमध्येसुद्धा. त्याबरोबर चक्कर येणं, क्षार बिघडणं, मूत्रपिंडावर ताण येणं हे मात्र वाढलं. म्हणून मी आण्णांच्या वयाच्या तब्येतशीर माणसाला आधी १४० च्या आत आणते, सोसवलं तर १३० च्या जवळ, आणि घाई करत नाही.

पण हे सगळं त्या पाडव्याच्या १५८ वर ठरवायचं का? नाही. जेवण नुकतंच झालेलं, घरभर माणसं, गप्पा चाललेल्या, आणि आण्णा पट्टा बांधलेला असतानाच १७४ चा हिशेब सांगत होते, असा माझा अंदाज आहे. बोलत असताना बीपी सहज आठ-दहाने वर जातं. लघवी तुंबलेली असली तरी तेवढंच. हात मांडीवर टेकवला तर दंड हृदयाच्या पातळीच्या खाली जातो आणि दर सेंटीमीटरला जवळपास पाऊण मिलिमीटरने आकडा फुगतो.

परवाच एक आजी दवाखान्यात आल्या. एसटीतून उतरून, उन्हातून, जिना चढून. बाहेर सहायकाने स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, १७२/८४. लेक म्हणाली, गोळी वाढवा. मी आजींना आतल्या खोलीत पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसवलं, आधी लघवीला पाठवलं, दोन्ही तळवे फरशीवर टेकवायला लावले, बाही काढली, हाताखाली उशी दिली आणि लेकीला बाहेर थांबायला सांगितलं. दहा मिनिटं कुणीच बोललं नाही. १४६/७८. पुन्हा एक मिनिटाने, १४४/७८. हेही जास्तच आहे, पण १७२ साठी जी गोळी वाढवली असती ती देऊन आजी दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात पडल्या असत्या.

तुमच्या घरीही असंच मोजा. चहा, तंबाखू, मिश्री, बिडी यातलं काही घेतलं असेल तर अर्धा तास थांबा. पाच मिनिटं गप्प बसवा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर, आणि दंडाच्या घेराला पुरेल असा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा खोटाच वाढतो. मनगटाचं मशीन असेल तर ते बाजूला ठेवा, दंडाचं घ्या. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढे धरा. सात दिवस, सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी दोनदा आणि रात्री दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. कॅलेंडरच्या मागे नको, शंभर पानी वही करा. आवडलेला आकडा तेवढा लिहायचा आणि न आवडलेला सोडायचा, असं करू नका. ते सगळेच करतात.

सासूबाईंचं १२२/६४ बसून मोजलेलं आहे. त्यांचं उभ्याने मोजा. पाच मिनिटं आडवं झोपवा, मोजा, मग उभं करा, कुणीतरी शेजारी धरून थांबा, आणि एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचं वीसने किंवा खालचं दहाने पडत असेल तर अंधारी त्यामुळेच येते, आणि डॉक्टरांना गोळीचा डोस किंवा वेळ बदलावी लागेल. स्वतःहून बंद करू नका. तोवर त्यांनी सकाळी उठताना आधी काठावर बसावं, पाय हलवावेत, मग उभं राहावं. रात्रीच्या लघवीसाठी वाटेत दिवा ठेवा. या वयाला खुब्याचं हाड मोडणं लकव्याइतकंच वाईट.

तुमच्या मिस्टरांची काळजी मला आण्णांपेक्षा जास्त वाटते, हे त्यांना सांगा. ४८ व्या वर्षी १४८/९६, म्हणजे वरचं आणि खालचं दोन्ही चढलेलं, आणि ते अंगावर काढायला अजून तीस वर्षं पुढे. जगभरच्या दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ४० ते ६९ या वयात, ११५/७५ च्या वर प्रत्येक २०/१० ने बीपी वाढलं की लकवा आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. ते घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, ते तुम्हीच सांगू शकाल. तसं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, त्याने बीपी हटून बसतं. कंबर, दारू, तंबाखू यांचा हिशेबही त्यांनीच डॉक्टरांपुढे खरा मांडायचा. रक्तातली साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि ईसीजी एकदा करून घ्या. "मला काही त्रास होत नाही" म्हणतील. बीपीचा त्रास बहुतेक वेळा होतच नाही, हीच त्याची वाईट खोड आहे.

तुमचं १२६/८२ हे मधल्या पट्ट्यात आहे. सात दिवस मोजा, मीठ बघा, रोज अर्धा तास चाला, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. पाळी जायच्या वयात बायकांचं बीपी भराभर चढतं, तेव्हा वही टाकून देऊ नका.

मिठाचं थोडं सविस्तर सांगते, कारण ते तुमच्या हातात आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, त्यातच भाजी, आमटी, भाकरी, लोणचं सगळं आलं. आपल्याकडे कालवणातलं मीठ कमी केलं की समाधान होतं आणि मग चार वाजता भडंग, शेव, जेवताना खर्डा, पापड, लोणच्याची फोड आणि मीठ घातलेलं ताक पोटात जातं. ताटात वरून वाढायची मिठाची वाटी उचलून ठेवा, एवढ्याने सुरुवात होते. सैंधव मीठ बीपीला चालतं असं समजून आणू नका, तेही सोडियमच. कमी सोडियमचं म्हणून मिळतं त्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टन-रामिप्रिलसारखी गोळी घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळत राहिलं तर बीपी चढतं आणि पोटॅशियम घसरतं. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही चढतं. आण्णांचे गुडघे दुखतात का, त्यांच्या कोटाच्या खिशात कोणती पट्टी आहे, तेवढं बघा.

पुढचं आण्णांना मोठ्याने वाचून दाखवा.

आण्णा, नमस्कार. तुम्ही म्हणता गोळी सुरू केली की सुटत नाही. तुम्हाला ते व्यसन वाटतं, आणि व्यसनाला माणसाने घाबरावंच. पण बीपीच्या गोळीची सवय लागत नाही. ती घेतली तोवर बीपी खाली राहतं, सोडली की पुन्हा चढतं, कारण कडक झालेली नळी गोळीने मऊ होत नाही. चष्मा लावला म्हणून नजर त्याच्या आहारी जात नाही, तसंच. मीठ आणि वजन कमी करून काहींची गोळी कमी झालेली, क्वचित बंद झालेलीही मी पाहिली आहे, पण ती डॉक्टरांनी वही बघून केली.

पहिली गोळी छोट्या डोसची असेल. आम्लोडिपिन दिली तर घोट्याशी सूज येऊ शकते, रामिप्रिल-एनालाप्रिलने कोरडा खोकला लागू शकतो, लघवीच्या गोळीने सोडियम पडू शकतं. यातलं काही झालं तर गोळी बदलता येते, पर्याय पुष्कळ आहेत. म्हणून तसं वाटलं तर गोळी फेकून देऊ नका, दवाखान्यात येऊन सांगा. खर्चाचा प्रश्न असेल तर आरोग्य केंद्रात बीपीची औषधं फुकट मिळतात आणि जनऔषधी दुकानात फार स्वस्त. तुमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०१७-१८ पासून सरकारी केंद्रांमधून बीपीच्या रुग्णांची नोंद ठेवून त्यांना नियमित गोळ्या देण्याचं काम झालंय, महाराष्ट्रातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत तो होता.

तुमचं १५८ कदाचित खरं नसेल. गप्पांमुळे, जेवणामुळे ते वाढलेलं असेल. म्हणून मी गोळी घ्याच असं आज म्हणत नाही. सात दिवस मोजा. सरासरी १३५ च्या खाली आली तर मी चुकले असं समजा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. वर आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि तिथे वयात शंभर मिळवू नका. पट्टा नातवालाच बांधायला सांगा. तो बांधेल तेव्हा त्याच्याशी बोलू नका, आकडा वहीत उतरला की मग बोला.